दोन तुरुंग, दोनशे पत्रे

खासदार पती बंगळूरच्या कारागृहात, कार्यकर्ती पत्नी पुण्याच्या येरवड्यात. मधल्या आठशे किलोमीटरवर फक्त पत्रांचा पूल, आणि त्या पुलावरही सेन्सॉरचा पहारा! आणीबाणीतल्या दंडवते दांपत्याची ही कहाणी. त्याच तुरुंगात प्रकृतीची राखरांगोळी झालेल्या स्नेहलता रेड्डींचीही. अन् तीन वर्षे आधी याच वाटेने गेलेल्या, पण परत न फिरलेल्या फिलिपिन्सच्या हुकूमशहाची...

बंगळूरच्या विधानसौधाच्या दर्शनी भागावर एक वाक्य कोरलेले आहे – सरकारी काम म्हणजे देवाचे काम. जून १९७५ च्या शेवटच्या आठवड्यात काही खासदार अशाच एका सरकारी कामासाठी दिल्लीहून बंगळूरला आले होते. पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकाचा विचार करण्यासाठी संसदेची संयुक्त समिती नेमलेली होती. तिची बैठक २६ आणि २७ जूनला विधानसौधात भरायची होती. जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी, संघटना काँग्रेसचे श्यामनंदन मिश्र आणि कोकणातल्या राजापूरचे समाजवादी खासदार प्रा. मधु दंडवते ही त्यातली विरोधी पक्षांची मंडळी.

२६ जूनची सकाळ उजाडली ती दिल्लीहून आलेल्या फोनने. रात्रीतून जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई यांना अटक झाली होती. आठच्या सुमारास रेडिओ लावला तर आकाशवाणीवर खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी बोलत होत्या. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही, असे त्या देशाला सांगत होत्या. दोन तासांत पोलिस आमदार निवासाच्या दारात हजर झाले. त्या दिवशी हे चौघेही पकडले गेले. कायदा करायला आलेले खासदार विधानसौधाऐवजी बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात पोहोचले!

बंगळूरपासून सुरू झालेली वाट

गंमत अशी, की इंदिराजींच्या एकछत्री सत्तेची सुरुवातही एका अर्थी बंगळूरातच झाली होती. जुलै १९६९ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन याच शहरात भरले होते. पक्षातल्या जुन्या ढुढ्ढाचार्यांनी, म्हणजे ‘सिंडिकेट’ने, इंदिराजींच्या मनाविरुद्ध राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डींचे नाव पुढे रेटले. इंदिराजींनी तिथे आर्थिक धोरणाविषयीचे आपले टिपण पाठवले, दिल्लीला परतताच मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले आणि १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण करून टाकले. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. वर्षअखेरीस काँग्रेस दुभंगली.

पुढची दोन वर्षे इंदिराजींचीच होती. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत प्रचंड बहुमत, वर्षाच्या शेवटी बांगलादेशचा विजय! पण यशाबरोबर अडवणूक करणारा कोणीही नकोसा होऊ लागला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आले. डावललेल्या तिघांत कर्नाटकाचे न्या. के. एस. हेगडे होते. त्यांनी राजीनामा दिला. हे नाव ध्यानात ठेवावे, कारण ते या कहाणीत पुन्हा येणार आहे.

मग महागाई, गुजरात आणि बिहारमधली आंदोलने, १९७४ चा रेल्वे संप. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली आणि इंदिराजींना सहा वर्षांसाठी अपात्र केले. सर्वोच्च न्यायालयाने २४ जूनला दिलेली स्थगिती सशर्त होती. पंचवीसच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या आदेशावर सही केली. मंत्रिमंडळाला हे कळले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दिल्लीतल्या वृत्तपत्रांची तर वीजच तोडली गेली होती.

रणगाडा नाही, गोळीबार नाही. राज्यघटनेतल्या ३५२ व्या कलमाखाली एक सही!

मनिलातली ती रात्र

अशीच एक सही तीन वर्षांपूर्वी मनिलात झाली होती. फिलिपिन्सचे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस हेही काही बंदूक रोखून सत्तेवर आलेले गृहस्थ नव्हते. हुशार वकील. तरुणपणी वडिलांच्या राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या खुनाचा आरोप अंगावर आला, खालच्या कोर्टात शिक्षाही झाली. पण १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडून पठ्ठ्या निर्दोष सुटला! दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या पराक्रमाच्या कहाण्या सांगत ते राजकारणात चढत गेले. त्यातल्या बऱ्याचशा बनावट होत्या, हे अमेरिकेच्या सरकारी दप्तरातून पुढे बाहेर आले. १९६५ मध्ये ते रीतसर मतदानाने अध्यक्ष झाले. १९६९ मध्ये पुन्हा. घटनेनुसार तिसरी खेप नव्हती.

मग २३ सप्टेंबर १९७२ ला लष्करी कायदा जाहीर झाला. जाहीरनाम्यावर तारीख होती २१ सप्टेंबरची. पहिल्याच फटक्यात विरोधी सिनेटर बेनिग्नो अॅक्विनो यांना अटक. वृत्तपत्रांना टाळे. पुढे नव्या घटनेला ‘लोकांची मान्यता’ घेतली गेली ती गावोगावच्या सभांत हात वर करायला लावून. राष्ट्राच्या प्रगतीसाठी शिस्त हवी, ही तिथली घोषणा.

इथेही सूर तोच होता. शिस्त, वक्तशीर गाड्या, वीस कलमी कार्यक्रम. काही काळ लोकांनाही ते बरे वाटले. कचेरीत कारकून वेळेवर येऊ लागले. बंद, मोर्चे थांबले. पण बोलायची सोय राहिली नव्हती. शहा आयोगाने पुढे मोजदाद केली तेव्हा ‘मिसा’ खाली ३४ हजार ९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५ हजार ८१८ माणसे गजाआड गेल्याचे दिसून आले. लाखाच्या वर संसारांतून एकेक माणूस उचलला गेला होता. काही घरांतून तर दोन-दोन.

दंडवत्यांचे घर

असेच एक घर दंडवत्यांचे. मधु दंडवते मूळचे अहमदनगरचे. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात भाग घेतलेले. १९७१ च्या इंदिरा लाटेतही राजापूरच्या मतदारांनी त्यांना दिल्लीला धाडले होते. प्रमिलाताई राष्ट्र सेवा दलात वाढलेल्या. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हाती लाटणे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या.

पती बंगळूरात अडकला आणि पाठोपाठ प्रमिलाताईंनाही अटक झाली. त्यांची रवानगी येरवड्याला. तरुण मुलगा बाहेर, आई एका राज्याच्या तुरुंगात, वडील दुसऱ्या राज्याच्या!

‘मिसा’चा कैदी म्हणजे विचित्र प्रकार. त्याच्यावर खटला नाही, म्हणून शिक्षा नाही. शिक्षा नाही, म्हणून सुटकेची तारीखही नाही. साधा चोरसुद्धा भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजू शकतो. स्थानबद्धाने मोजायचे तरी कुठपर्यंत? दुरुस्ती करून सरकारने कायद्यात अशी सोय केली होती, की अटकेचे कारणही सांगायची गरज उरली नव्हती.

या अधांतरी दिवसांत पती-पत्नींनी एकमेकांना पत्रे लिहिली. थोडीथोडकी नव्हे, सुमारे दोनशे. प्रत्येक पत्र आधी तुरुंगाधिकाऱ्यांच्या डोळ्यांखालून जायचे. नवराबायकोचे बोलणे तिसऱ्याने वाचल्याशिवाय पोहोचायचे नाही. तरीही ती लिहिली गेली. प्रकृतीची चौकशी, वाचलेली पुस्तके, कविता, संगीत, राजकारण आणि तत्त्वज्ञान असे सारे त्यांत होते. लग्नाला कित्येक वर्षे झालेल्या, सार्वजनिक कामाच्या धबडग्यात निवांत बोलायला न मिळालेल्या जोडप्याला निवांतपणा मिळाला तो असा, दोन तुरुंगांत!

बंगळूरच्या बराकीत इतरांचेही लिहिणे चालू होते. अडवाणी रोजनिशी लिहीत. पुढे तिचे पुस्तक झाले. मधला काही काळ त्यांना हरियाणात रोहतकला हलवले होते, नंतर पुन्हा इथेच आणले. वाजपेयी हिंदीत कुंडलिया रचत. प्रकृती बिघडली तेव्हा त्यांना उपचारासाठी दिल्लीला नेण्यात आले. विचारांनी दंडवते आणि अडवाणी ही दोन टोके. एक कट्टर समाजवादी, दुसरे जनसंघाचे अध्यक्ष. पण जेवणाची पंगत एकच, आणि बाहेरचे कुलूपही एकच.

कोर्टाचे दार

विधानसौधासमोरच कर्नाटक उच्च न्यायालयाची तांबडी इमारत आहे. या चौघांनी तिथे दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला उतारवयात त्यांची बाजू मांडायला बंगळूरला आले. सरकारचे म्हणणे सरळ होते – आणीबाणी आहे, मूलभूत हक्क स्थगित आहेत, तेव्हा कोर्टात यायचा अधिकारच नाही. कर्नाटकासह देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी हे मानले नाही. अर्ज ऐकून घेऊ, असे त्यांनी म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

तिथे न्या. एच. आर. खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तरी दाद नाही काय? आणीबाणी असेपर्यंत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. कोर्टात सन्नाटा! २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. सरकार जिंकले. विरोधात एकटे न्या. खन्ना. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड होते.

मोजायला तारीख नव्हतीच, आता ठोठवायला दारही उरले नाही.

रात्रीच्या किंकाळ्या

निकालानंतर अवघ्या चार दिवसांनी, २ मे १९७६ ला, बंगळूरात आणखी एक अटक झाली. स्नेहलता रेड्डी. वय ४४. मद्रास प्लेयर्स या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. ‘संस्कार’ या गाजलेल्या कन्नड चित्रपटात चंद्रीची भूमिका करणारी अभिनेत्री. त्या चित्रपटाला १९७० च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले होते आणि त्याचे दिग्दर्शक होते तिचे पती पट्टाभिराम रेड्डी.

तिचा गुन्हा काय? जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी मैत्री. जॉर्ज तेव्हा भूमिगत होते आणि पोलिस त्यांच्यासाठी आकाशपाताळ एक करत होते. आदल्याच दिवशी बंगळूरात त्यांचे भाऊ लॉरेन्स यांना उचलून जॉर्जचा पत्ता काढण्यासाठी बेदम मारहाण झाली होती. स्नेहलताबाईंना बडोदा डायनामाइट प्रकरणात पकडले खरे, पण आरोपपत्रात त्यांचे नावच आले नाही. तरी सुटका नाही. ‘मिसा’ होताच.

बाईंना दम्याचा जुनाट विकार. त्यांना एकटीला कोंडण्यात आले. कोंदट कोठडी, उपचारांची हेळसांड. दम्याचे झटके वाढत गेले. अशाही स्थितीत तुरुंगातल्या इतर बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध त्या भांडत राहिल्या. जमेल तशी टिपणे लिहीत राहिल्या. त्याच भिंतींच्या आत पुरुषांच्या बराकीत असलेल्या दंडवत्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे, की रात्रीच्या शांततेत स्नेहलतांच्या कोठडीतून येणाऱ्या किंकाळ्या त्यांना ऐकू येत.

प्रकृती अगदीच खालावली तेव्हा १५ जानेवारी १९७७ ला पॅरोलवर त्यांना घरी सोडण्यात आले. १८ जानेवारीला इंदिराजींनी लोकसभा निवडणूक जाहीर केली आणि तुरुंगांची दारे उघडू लागली. अडवाणी त्याच दिवशी बंगळूरच्या तुरुंगातून बाहेर पडले. सगळीकडे सुटकेचा आनंद... आणि २० जानेवारीला स्नेहलता रेड्डी गेल्या. ज्या पहाटेची वाट पाहिली, ती उजाडली आणि दोनच दिवसांत त्यांचा श्वास थांबला. त्यांची तुरुंगातली टिपणे त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली.

मतपेटीने केलेला फरक

इंदिराजींनी निवडणूक का घेतली, यावर आजही वाद घातला जातो. लोकसभेची मुदत त्यांनी आधीच दोनदा वाढवून घेतली होती. आणखीही ढकलता आली असती. पण निवडणूक घेतली, मते खरीखुरी मोजली गेली आणि निकाल त्यांनी मान्य केला. रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून त्या स्वतः पराभूत झाल्या. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली.

तुरुंगात राहूनच निवडणूक लढवलेले जॉर्ज फर्नांडिस बिहारमधल्या मुझफ्फरपूरमधून तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. वर्षभराने, एप्रिल १९७८ मध्ये, मनिलातही एक कैदी तुरुंगातून निवडणुकीला उभा राहिला. बेनिग्नो अॅक्विनो. मतदानाच्या आदल्या रात्री मनिलाचे लोक भांडी बडवत, भोंगे वाजवत त्याच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले. निकाल लागला तेव्हा त्याच्या पक्षाचा मनिलात एकही उमेदवार निवडून आला नव्हता. तिथे मते लोकांनी दिली आणि मोजली ती मार्कोसच्या माणसांनी!

या फरकाची किंमत फिलिपिन्सने आणखी आठ वर्षे मोजली. उपचारासाठी अमेरिकेत गेलेले अॅक्विनो २१ ऑगस्ट १९८३ ला मायदेशी परतले, ते विमानतळावरच गोळी घालून मारले गेले. फेब्रुवारी १९८६ मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, सैन्यात फूट पडली, तेव्हा कुठे मार्कोस पती-पत्नी हवाई बेटांवर पळाले. मागे राहिलेल्या राजवाड्यात इमेल्डाबाईंच्या चपलाबुटांचे शेकड्यांनी जोड सापडले. अध्यक्षपदावर आल्या त्या अॅक्विनो यांच्या पत्नी कोराझोन.

आणि बंगळूर? १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला, पण कर्नाटकाने २८ पैकी २६ जागा काँग्रेसच्याच पदरात टाकल्या! देवराज अर्स यांच्या सरकारने केलेल्या जमीन सुधारणांचा प्रभाव खेड्यापाड्यांत होता. पुढच्याच वर्षी चिकमगळूरने इंदिराजींना पुन्हा लोकसभेत पाठवले. मात्र काँग्रेसच्या हातून गेलेल्या दोन जागांपैकी एक होती दक्षिण बंगळूर. तिथून निवडून आले ते डावललेले न्यायमूर्ती के. एस. हेगडे. पुढे ते लोकसभेचे अध्यक्षही झाले.

दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात नोकरी गमावलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीची फोमची गादी आली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. प्रमिलाताई १९८० मध्ये मुंबईतून लोकसभेवर गेल्या. दंडवते ज्या मंत्रिमंडळात होते त्याच सरकारने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती केली. नुसत्या ‘अंतर्गत अशांतते’च्या नावाखाली आता आणीबाणी आणता येत नाही, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो, आणि जगण्याचा हक्क तर आणीबाणीतही स्थगित करता येत नाही.

१९७६ च्या त्या निकालाचा हिशेबही अखेर चुकता झाला. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो चुकीचा ठरवून पुसून टाकला. प्रकरण होते खासगीपणाच्या हक्काचे. अर्जदार होते न्या. के. एस. पुट्टस्वामी, बंगळूरला राहणारे, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आणि जुना निकाल रद्द ठरवणारे निकालपत्र लिहिणारे होते न्या. धनंजय चंद्रचूड. १९७६ च्या बहुमतातल्या न्या. यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव!

कोठड्यांचे उद्यान

बंगळूरचा तो जुना तुरुंग आता तिथे नाही. कैदी शहराबाहेर परप्पन अग्रहारला हलवले गेले आणि शेषाद्री रोडवरच्या त्या जागेवर २००८ मध्ये ‘फ्रीडम पार्क’ उभे राहिले. मधला टेहळणी मनोरा, काही बराकी, कोठड्या मुद्दाम राखून ठेवल्या आहेत. शहरातली निदर्शने, उपोषणेही इथेच होतात. किंबहुना २०२१ च्या सरकारी आदेशानुसार ती इथेच करावी लागतात, अन्यत्र नाही. जिथे बोलणाऱ्यांना कोंडले तिथेच आता बोलायला मुभा आहे. पण कुंपण आहेच!

प्रमिलाताई २००१ च्या अखेरीस गेल्या, मधु दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला. आयुष्यभर प्राध्यापकी वृत्ती जपलेल्या या माणसाने मरणोत्तर देहही वैद्यकीय शिक्षणासाठी देऊन टाकला. आणीबाणी प्रत्यक्ष भोगलेली पिढी हळूहळू काळाच्या पडद्याआड चालली आहे.

विस्मरण काय करते, याचे उत्तर पुन्हा मनिलातच मिळते. लोकांनी हाकलून दिलेल्या मार्कोस यांचे चिरंजीव फर्डिनांड मार्कोस ज्युनियर २०२२ मध्ये भरघोस मतांनी फिलिपिन्सचे अध्यक्ष झाले. वडिलांचा काळ म्हणजे सुवर्णकाळ, असे तरुण मतदारांना पटवणे अवघड गेले नाही. त्या काळातले तुरुंग त्यांनी पाहिलेले नव्हते, आणि घरात कोणी सांगितलेही नव्हते.

बंगळूरला स्टेशनवर उतरलेल्या माणसाला फ्रीडम पार्क फार लांब नाही. मुलाबाळांना घेऊन जरूर जावे. एखाद्या कोठडीच्या दाराशी क्षणभर थांबावे आणि इथे कोण होते, का होते, एवढे मुलांना सांगावे. दंडवत्यांना पत्र लिहायला कागद मिळत होता. स्नेहलताबाईंना श्वास घ्यायलाही हवा मिळाली नाही.